सिरॅमिक वेफर हीटरच्या पेटंटवर एफईआर आला की काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

सेमीकंडक्टर वेफर (चिप ज्यावर बनते ती पातळ चकती) तापवणाऱ्या सिरॅमिक हीटरच्या पेटंट अर्जांवर एफईआर (फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे परीक्षकाचा पहिला तपासणी अहवाल) येतो आणि त्याला जी उत्तरं जातात त्यातली बरीचशी एकाच ठिकाणी फसतात. एफईआर हातात पडला की लोक लगेच वाद घालायला बसतात, डी१ (परीक्षकाने समोर ठेवलेला पहिला जुना दस्तऐवज, दुसरा तो डी२) असं सांगतो, आमचं तसं आहे, आमचा हीटर जास्त एकसारखा तापतो वगैरे चार पानं लिहून होतात आणि क्लेम (नेमक्या कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य) मात्र जसाच्या तसा राहतो. मग हिअरिंगची नोटीस येते, तिथे घाईघाईत क्लेम बदलला जातो, तो पेटंट कायद्याच्या कलम ५९ मध्ये बसत नाही आणि चांगलं काम असलेला अर्ज नाकारला जातो. क्रम उलटा हवा. आधी तारखा, मग कागद, मग क्लेम, मग आकडे, वाद सगळ्यात शेवटी.

खाली जे लिहिलंय ते भारतीय पेटंट कार्यालयातल्या प्रक्रियेबद्दल आहे. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथल्या अर्जदारांसाठी ते कार्यालय म्हणजे मुंबईतलं अँटॉप हिलचं. अर्ज मुंबईचा असला तरी परीक्षक दुसऱ्या शहरातल्या कार्यालयातला असू शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, सगळं ऑनलाइनच चालतं.

उदाहरणासाठी एक हीटर धरू

सगळीकडे हेच उदाहरण वापरतोय, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा तुमच्याकडे ३०० मिमी वेफरसाठी ॲल्युमिनियम नायट्राइडची गोल प्लेट आहे, तिच्यात मॉलिब्डेनमचं हीटिंग एलिमेंट पुरलंय आणि प्लेटच्या खाली त्याच सिरॅमिकचा पोकळ शाफ्ट जोडलाय. अडचण अशी की शाफ्ट जिथे जोडलाय तिथून उष्णता खाली निघून जाते आणि वेफरच्या मधोमध थंड डाग पडतो. तुमचा उपाय दोन भागांचा आहे. शाफ्टच्या बरोबर वरच्या भागात एलिमेंटच्या फेऱ्या दाट केल्यात, आणि जोडाच्या बाहेरून प्लेटच्या खालच्या अंगाला एक गोल खाच दिलीय जेणेकरून बाहेरची उष्णता शाफ्टकडे सहज वाहणार नाही.

## टप्पा १: तारखा लिहून काढा

एफईआर आपोआप येत नाही, त्यासाठी फॉर्म १८ भरावा लागतो हे अजूनही काहींना माहीत नसतं. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना हा फॉर्म प्रायॉरिटी तारीख (त्याच शोधाचा सगळ्यात पहिला अर्ज केला ती तारीख) किंवा अर्जाची तारीख यातली जी आधीची असेल तिथपासून ३१ महिन्यांत भरायचा असतो, त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने होते. ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ४,००० रुपये, बाकीच्यांना २०,०००. घाई असेल आणि तुम्ही स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार अशा पात्र गटात असाल तर फॉर्म १८ए, फी ८,००० आणि सवलतीत न बसणाऱ्या पात्र कंपन्यांना ६०,०००. अर्ज अजून प्रसिद्ध झाला नसेल तर सोबत फॉर्म ९ पण लागतो.

एफईआर आल्यावर या तारखा एका कागदावर लिहा आणि भिंतीवर लावा:

1. एफईआर जारी झाल्याच्या तारखेपासून ३ महिने: फॉर्म ३, म्हणजे परदेशातल्या अर्जांची ताजी माहिती.
2. जारी तारखेपासून ६ महिने: पूर्ण उत्तर.
3. तेच ६ महिने संपायच्या आत: मुदतवाढ हवी असेल तर फॉर्म ४. वाढ जास्तीत जास्त ३ महिने धरून चला.

सावधान: मोजणी एफईआर जारी झाल्याच्या तारखेपासून होते, तुम्ही ईमेल उघडला त्या दिवसापासून नाही. उत्तर वेळेत गेलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं मानलं जातं, आणि तिथून तो परत उभा करणं फार अवघड असतं.

फॉर्म ३ ची तीन महिन्यांची अट २०२४ च्या नियमांनी आणली. लोक जुन्या सवयीने तो उत्तराबरोबर सहाव्या महिन्यात टाकतात आणि मग एक फुकटचा आक्षेप गळ्यात पडतो. जपान, कोरिया, अमेरिका, तैवान इथे तुमचे जोडअर्ज (त्याच शोधाचे तिथले अर्ज) असतील तर त्यांची सद्यस्थिती एफईआर आला त्याच आठवड्यात मागवून घ्या.

## टप्पा २: फाइल जमवा, आणि ती मूळचीच जमवा

टेबलावर हे सगळं एकत्र पाहिजे: दाखल झालेलं स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) त्याच्या मूळ आकृत्यांसकट, दाखल झालेले क्लेम, एफईआर, त्यात उद्धृत केलेले सगळे दस्तऐवज, परदेशी कार्यालयांचे सर्च रिपोर्ट, आणि हीटर ज्यांनी बनवला त्यांची चाचणीची वही. शेवटची गोष्ट पेटंट एजंटकडे जवळपास कधीच नसते आणि खरं तर उत्तराचा जीव तिच्यातच असतो.

संगणकावरचा "फायनल ड्राफ्ट" घेऊन बसू नका. पोर्टलवर जे दाखल आहे तेच उतरवून घ्या, कारण तुमच्या ड्राफ्टमध्ये असलेलं आणि दाखल प्रतीत नसलेलं एक वाक्य जरी तुम्ही क्लेममध्ये आणलं तरी ते नवीन मजकूर ठरतं.

तपासा: हीटर बनवणारा इंजिनिअर पुढचे दोन महिने तुम्हाला उपलब्ध आहे ना? नसेल तर आत्ताच बोलून घ्या. सिंटरिंगचं (सिरॅमिकची भुकटी भाजून घट्ट करायचं) तापमान, त्यात घातलेल्या इट्रियाचं प्रमाण, थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) कुठे लावले होते, ही उत्तरं त्याच्याशिवाय कोणी देणार नाही.

## टप्पा ३: आक्षेपांची तीन ढिगांत वाटणी

एफईआर वाचताना घाबरायला होतं कारण यादी लांब असते, पण ढीग तीनच असतात.

कागदोपत्री ढीग. फॉर्म २६ चं मुखत्यारपत्र, प्रायॉरिटी दस्तऐवजाचं भाषांतर, शोधकर्त्याकडून हक्क मिळाल्याचा पुरावा, १५० शब्दांपेक्षा मोठा झालेला ॲबस्ट्रॅक्ट, क्लेममध्ये आकृतीतले क्रमांक कंसात न टाकणं. हे पहिल्या महिन्यात संपवा. यात बुद्धी लागत नाही फक्त पाठपुरावा लागतो, पण परदेशी अर्जदार असेल तर सह्यांनाच महिना जातो.

लिखाणाचा ढीग. कलम १०(४) आणि १०(५). "सुमारे एकसारखं तापमान", "उच्च उष्णतावाहकता", "पुरेशी जाडी" असले शब्द क्लेममध्ये असले की हा आक्षेप येणारच. एकाच अर्जात हीटर, तो बनवायची पद्धत आणि वेफरवर थर चढवायची पद्धत असे तीन मुख्य क्लेम असतील तर एकाच संकल्पनेचा नाही म्हणून वेगळा आक्षेप.

मूळ ढीग. नावीन्य, कलम २(१)(जेए) मधली इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारी भर), आणि कलम ३, म्हणजे ज्यांना पेटंट मिळत नाही अशा गोष्टींची यादी. हीटरच्या अर्जांना कलम ३ मधले दोन भाग जास्त चिकटतात. ३(एफ) म्हणजे ओळखीची उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडणं, प्रत्येक आपापलं काम आधीसारखंच करतंय, उदाहरणार्थ हीटर अधिक इलेक्ट्रोस्टॅटिक चक (वेफर विद्युतभाराने धरून ठेवणारा) अधिक थर्मोकपल एकाच प्लेटमध्ये. आणि ३(डी), ज्यात ओळखीच्या यंत्राचा नुसता वापर बसत नाही, हा बहुतेक वेळा "या हीटरने वेफर तापवायची पद्धत" अशा क्लेमवर येतो.

एकाही आक्षेपाला उत्तर न देता पुढे जाऊ नका. कितीही किरकोळ वाटला तरी त्याच क्रमांकाने त्याला उत्तर हवं, नाहीतर तो हिअरिंगच्या नोटिशीत जसाच्या तसा परत येतो.

## टप्पा ४: डी१, डी२ स्वतः वाचा

एफईआरमध्ये परीक्षक उताऱ्यांचे क्रमांक देतो आणि लोक तेवढेच उतारे वाचतात. या क्षेत्रात ते चालत नाही. सिरॅमिक हीटरवर जपानी कंपन्यांचे, एनजीके इन्सुलेटर्स, आयबिडेन, सुमितोमो इलेक्ट्रिक, क्योसेरा यांचे अर्ज ढिगाने आहेत, नव्वदच्या दशकापासूनचे, आणि एकाच कंपनीच्या लागोपाठच्या अर्जांमध्ये आकृती सारखी पण मुद्दा वेगळा असं सर्रास असतं. आकृती पाहून "हे तर आमच्यासारखंच" म्हणून हात टेकणारे खूप, आणि आकृती पाहून "हे वेगळंच" म्हणणारेही तितकेच. मजकूर वाचल्याशिवाय दोन्ही खरं नाही.

वाचायचं असं:

1. जपानी दस्तऐवज असेल तर आधी त्याचा अमेरिकन जोडअर्ज शोधा, तो इंग्रजीत नीट लिहिलेला असतो. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या साइटवर फॅमिली, म्हणजे एकाच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज, दिसते. यांत्रिक भाषांतरावर शेवटचा पर्याय म्हणूनच जा, आणि गेलात तर आकडे मूळ जपानी पानावरच्या तक्त्याशी ताडून पाहा.
2. तारीख बघा. तुमच्या प्रायॉरिटी तारखेच्या आधी प्रसिद्ध झालाय का? नसेल तर तो इन्व्हेंटिव्ह स्टेपसाठी वापरता येत नाही, फार तर त्याने हेच तुमच्या आधी क्लेम केलंय का एवढाच मुद्दा उरतो.
3. त्या दस्तऐवजात अडचण कोणती मांडलीय ते एका ओळीत लिहा. वेफरवरची तापमानातली तफावत? प्लेटला जाणारा तडा? फ्लोरिन वायूने होणारी झीज? की जास्त तापमानाला सिरॅमिकचा विद्युतरोध कमी होऊन गळणारा करंट?
4. मग उपाय एका ओळीत.
5. मग प्लेटचं साहित्य, एलिमेंटचं साहित्य, शाफ्ट आहे की नाही, तापमानाची कक्षा.

आमच्या उदाहरणात समजा डी१ मध्ये शाफ्टवाली ॲल्युमिनियम नायट्राइडची प्लेट आणि मधे दाट एलिमेंट आहे. डी२ मध्ये ॲल्युमिनाची प्लेट आणि खालून खाच आहे, पण ती खाच काठाजवळ आहे आणि तडा जाऊ नये म्हणून दिलीय. परीक्षक म्हणतो, डी१ ला डी२ ची खाच लावली की तुमचा हीटर तयार.

तपासा: डी१ आणि डी२ ची अडचण आणि उपाय न बघता तोंडी सांगता येतात का? येत नसतील तर अजून वाचून झालेलं नाही.

स्वतःचा शोधही इथेच घ्या, कारण हिअरिंगच्या नोटिशीत डी३ निघू शकतो. पेटंट वर्गीकरणाच्या कोडने शोधलं तर कचरा कमी येतो: एच०५बी ३/२८ म्हणजे इन्सुलेटिंग पदार्थात पुरलेलं हीटिंग एलिमेंट, एच०५बी ३/१४३ म्हणजे वेफर तापवण्यासारख्या सेमीकंडक्टर कामासाठीचं, एच०१एल २१/६७१०३ म्हणजे मुख्यतः वहनाने वेफर तापवणारी उपकरणं, एच०१एल २१/६८७९२ म्हणजे वेफर ठेवायच्या आधाराच्या शाफ्टची रचना, सी२३सी १६/४६ म्हणजे थर चढवताना सबस्ट्रेट तापवणं, आणि सी०४बी ३५/५८१ म्हणजे ॲल्युमिनियम नायट्राइडचं सिरॅमिक. नुसते कीवर्ड टाकून शोधणाऱ्यांना शाफ्टवाल्या गोष्टी हमखास सुटतात.

## टप्पा ५: फीचरचा तक्ता

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणून लोक तो गाळतात, पण माझ्या मते संपूर्ण उत्तर इथे ठरतं. मुख्य क्लेम तोडा, एकेक तुकडा एकेका ओळीत. समोर चार रकाने: डी१ मध्ये आहे का, डी२ मध्ये आहे का, आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये कुठल्या पानावर कुठल्या ओळीत आहे, आणि त्याने नेमकं काय होतं.

चौथा रकाना रिकामा राहिला तर त्या फीचरवर वाद घालू नका. "प्लेट ॲल्युमिनियम नायट्राइडची आहे" याच्यासमोर लोक "उष्णतावाहकता जास्त" असं लिहितात. सिंटर केलेल्या ॲल्युमिनियम नायट्राइडची वाहकता साधारण १७० वॅट प्रति मीटर केल्व्हिनच्या आसपास आणि ॲल्युमिनाची ३० च्या आसपास, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला कित्येक वर्षं माहीत आहे. ॲल्युमिनाऐवजी ॲल्युमिनियम नायट्राइड घेतलं हा तुमचा शोध होऊ शकत नाही आणि तो मुद्दा पहिल्या पानावर आला की परीक्षकाचा उरलेल्या उत्तरावरचा विश्वासही कमी होतो.

पण नीट बघितलं तर साहित्याचा मुद्दा दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो. वाहकता जास्त आहे म्हणूनच तर शाफ्टकडे उष्णता जास्त ओढली जाते, म्हणजे अडचणच इथे मोठी आहे. ॲल्युमिनाच्या प्लेटवर काम करणाऱ्या डी२ च्या लेखकाला ती त्या आकाराची दिसणारच नाही. हा मुद्दा वाहकतेच्या कौतुकापेक्षा खूप वजनदार आहे.

## टप्पा ६: क्लेम आधी, वाद नंतर

आता क्लेम बदला. कलम ५९ चे नियम पाठ असू द्या: बदल फक्त डिस्क्लेमर (काही भाग सोडून देणं), दुरुस्ती किंवा स्पष्टीकरण म्हणूनच होऊ शकतो, त्यात मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेली गोष्ट येऊ शकत नाही, आणि बदललेला क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेत पूर्णपणे बसला पाहिजे. म्हणजे अरुंद करता येतं, रुंद करता येत नाही.

आमच्या हीटरचा मूळ क्लेम समजा असा होता: सिरॅमिक प्लेट, हीटिंग एलिमेंट आणि शाफ्ट असलेला हीटर ज्यात वेफरचं तापमान एकसारखं राहतं. यातलं शेवटचं वाक्य म्हणजे नुसता परिणाम आहे, रचना नाही. ते काढून रचना घाला: शाफ्टच्या बाहेरच्या व्यासाच्या आत एलिमेंटच्या फेऱ्यांमधलं अंतर बाहेरच्यापेक्षा कमी, प्लेटच्या खालच्या बाजूला जोडाभोवती गोल खाच, खाचेची खोली प्लेटच्या जाडीच्या अमुक ते तमुक टक्के, खाचेच्या तळाला गोलाई. ही टक्केवारी स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली असेल तरच घाला. आकृतीत मोजपट्टी लावून काढलेलं प्रमाण क्लेममध्ये घालायचा मोह आवरा, आकृती मापात काढलीय असं कुठे लिहिलेलं नसतं.

दोन भागांत लिहिलंत तर बरं: आधी डी१ मध्ये जे आहे ते, मग "वैशिष्ट्य असे की" आणि तुमचा भाग. तुमचं नवं काय ते परीक्षकाला शोधावं लागत नाही.

उपक्लेम विसरू नका. खाचेची अरुंद कक्षा, दोन झोनचं एलिमेंट, आरएफ इलेक्ट्रोड असलेला प्रकार, हे सगळे माघारीचे टप्पे आहेत, आणि ते आत्ता क्लेममध्ये नसले तर हिअरिंगच्या दिवशी शोधत बसावं लागतं.

एकाच संकल्पनेचा आक्षेप असेल तर बनवायच्या पद्धतीचा क्लेम काढून टाकायच्या आधी डिव्हिजनल अर्जाचा (मूळ अर्जातून वेगळा काढलेल्या अर्जाचा) विचार करा, कलम १६ खाली तो मूळ अर्जावर पेटंट मिळायच्या आधी टाकावा लागतो. सिंजेंटा प्रकरणात दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलंय की डिव्हिजनलचा आधार स्पेसिफिकेशनमध्ये असला तरी पुरतो, तो मूळ क्लेममध्येच असला पाहिजे असं नाही.

सावधान: परदेशात मंजूर झालेला क्लेम जसाच्या तसा इथे चिकटवू नका. तो तिथे वेगळ्या मूळ क्लेमपासून बदलत गेलेला असतो, इथल्या मूळ क्लेमच्या कक्षेत बसतो का ते वेगळं तपासावं लागतं. ही चूक मोठ्या फर्मच्या उत्तरांतही दिसते.

## टप्पा ७: आकडे

क्लेम ठरला की त्याच क्लेमच्या मापाचे आकडे जमवा. आधी नाही, कारण क्लेम खोलीच्या टक्केवारीवर गेला आणि तुमचा डेटा वॉटेजवर असेल तर तो निरुपयोगी आहे.

तुलना तीन हीटरची हवी: फक्त दाट एलिमेंट असलेला, फक्त खाच असलेला, आणि दोन्ही असलेला. हे तिन्ही असतील तरच दाखवता येतं की दोन गोष्टी मिळून जे होतं ते दोघींच्या बेरजेपेक्षा वेगळं आहे. समजा ५५० अंश सेल्सिअसला फक्त दाट एलिमेंटने मधला थंड डाग जातो पण शाफ्टच्या कडेवर गरम कडं उमटतं, आणि खाच दिली की शाफ्टकडे जाणारी उष्णताच कमी झाल्याने एलिमेंट तेवढं दाट करावंच लागत नाही, म्हणून कडंही जातं. हे दाखवलंत की ३(एफ) चा आक्षेप पण त्याच तक्त्याने सुटतो, कारण दोन भाग एकमेकांच्या कामावर परिणाम करतायत.

मोजमापाच्या बाबतीत या गोष्टी पक्क्या करा:

1. तफावत कशी मोजलीय? सगळ्यात जास्त वजा सगळ्यात कमी, की सरासरीच्या वरखाली? "३ अंशांची तफावत" आणि "अधिकउणे ३ अंश" यात दुपटीचा फरक आहे आणि एकाच उत्तरात दोन्ही वापरलेले मी पाहिलेत.
2. थर्मोकपल बसवलेला वेफर वापरला की खिडकीतून इन्फ्रारेड कॅमेरा? कॅमेरा असेल तर एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता किरणांनी सोडतो ते प्रमाण) किती धरली?
3. व्हॅक्युममध्ये की हवेत, दाब किती, कुठला वायू?
4. डी१ चा हीटर तुम्ही बनवून पाहिला असेल तर तो डी१ मध्ये लिहिलेल्या कृतीनेच बनवलाय ना? स्वतःच्या सोयीने बिघडवलेला नमुना पकडला जातो.

क्लेम एखाद्या गुणधर्मावर असेल, उदाहरणार्थ विशिष्ट तापमानाला विद्युतरोध इतका, तर परीक्षक म्हणतो की डी१ चं मिश्रण आणि सिंटरिंग तेच आहे म्हणजे हा गुणधर्म त्यात असणारच. याला शब्दांनी उत्तर देता येत नाही. डी१ च्या कृतीने नमुना करा, मोजा, आकडा वेगळा आला तर शपथपत्रासोबत द्या. वेगळा आला नाही तर तो मुद्दा सोडा आणि रचनेवर या.

नंतर केलेला डेटा स्पेसिफिकेशनमध्ये घुसवता येत नाही, तो फक्त आधार म्हणून जोडता येतो, आणि तोसुद्धा त्या परिणामाचा उल्लेख मूळ मजकुरात असेल तर नीट टिकतो. ज्यांचा अर्ज अजून दाखल व्हायचाय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: मोजायची पद्धत, कक्षेच्या आतले आणि बाहेरचे नमुने, सिंटरिंगचं तापमान, दाब, वातावरण, सगळं पहिल्याच दिवशी लिहा. आणि ग्राहकाच्या फॅबला (चिपच्या कारखान्याला) चाचणीसाठी हीटर पाठवायचा असेल तर आधी अर्ज दाखल करा, मग पाठवा, गोपनीयतेचा करार असला तरी.

## टप्पा ८: आता उत्तर लिहा

आता लिहायला फार वेळ लागत नाही. क्रम असा ठेवा: क्लेममध्ये काय बदललं आणि त्याचा आधार कुठल्या पानावर आहे, मग आक्षेपांना त्यांच्याच क्रमांकाने उत्तर, सोबत बदल दाखवणारी प्रत आणि स्वच्छ प्रत.

इन्व्हेंटिव्ह स्टेपसाठी रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात २०१५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मांडलेल्या पाच पायऱ्या धरा. या क्षेत्रातला जाणकार माणूस कोण, शोधाची मूळ कल्पना काय, त्या माणसाचं सर्वसाधारण ज्ञान काय, आधीच्या माहितीत आणि शोधात फरक काय, आणि शोध माहीत नसताना तो फरक त्याला सहज सुचला असता का. इथला जाणकार म्हणजे सिरॅमिक सिंटरिंग जाणणारा आणि फॅबमधलं चेंबर पाहिलेला इंजिनिअर, हे आधीच सांगून टाका.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: डी१ मध्ये खाच नाही, डी२ मध्ये दाट एलिमेंट नाही, म्हणून शोध नवा. परीक्षकाने दोघांना एकत्र केलंय आणि तुम्ही दोघांना वेगवेगळं खोडताय, म्हणजे प्रश्नाला उत्तर दिलंच नाही. उत्तर असं हवं की डी२ ची खाच तडा टाळण्यासाठी काठाजवळ आहे, डी१ वाचणाऱ्याला ती उचलून शाफ्टभोवती आणायचं काही कारण नाही, उलट शाफ्टचा जोड ही आधीच ताण असलेली जागा आहे आणि तिथे खाच घातली तर तडा जाईल असंच त्याला वाटेल. असं डी२ मध्येच कुठे लिहिलेलं सापडलं तर ते वाक्य पानासकट द्या, ते तुमच्या चार पानांच्या युक्तिवादाला भारी पडतं.

परीक्षकाने दोन दस्तऐवज का एकत्र केले ते सांगितलंच नसेल तर अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणाचा दिल्ली हायकोर्टाचा २०२२ चा निर्णय दाखवा: आधीची माहिती काय, अर्जातला शोध काय आणि तो कसा सहज सुचला असता, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. पण सगळा भार त्यावर टाकू नका, तांत्रिक उत्तर आधी, निर्णय नंतर.

पाठवण्याआधी तपासा: क्लेममधला प्रत्येक शब्द स्पेसिफिकेशनमध्ये सापडतो का, आकृतीतले क्रमांक कंसात आहेत का, फॉर्म ३ गेलाय का, एखादा आक्षेप सुटला तर नाही.

## टप्पा ९: हिअरिंग

नोटिशीत मुख्यतः उरलेले आक्षेप असतात. ते आधीच्या एफईआरशी ताडून पाहा, काय गळलं आणि काय नवीन आलं. तारीख जमत नसेल तर पुढे ढकलायची विनंती किमान ३ दिवस आधी करायची, कारण द्यायचं, अशी सवलत दोनदाच मिळते आणि प्रत्येक वेळी ३० दिवसांपेक्षा जास्त नाही.

सुनावणी व्हिडिओवर होते आणि वेळ थोडा असतो. हीटरचा उभा छेद दाखवणारी एकच आकृती तयार ठेवा, डी१, डी२ आणि तुमचा, शेजारी शेजारी, उष्णतेचा मार्ग बाणांनी. शोधकर्त्या इंजिनिअरला सोबत बसवा. कंट्रोलरने (निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) विचारलं की खाच अजून खोल केली तर काय होईल, तर त्याचं उत्तर तोच देऊ शकतो आणि त्या उत्तराने क्लेममधली कक्षा का आहे ते समजतं.

मनात दोन पर्यायी क्लेम तयार असू द्या, कलम ५९ मध्ये तपासलेले. सुनावणीत तोंडी "आम्ही बदलू" म्हणून सुटका होत नाही, लेखी निवेदन आणि क्लेम सुनावणीच्या तारखेपासून १५ दिवसांत गेले पाहिजेत. हे १५ दिवस नवीन चाचण्या करायला अजिबात पुरत नाहीत, भट्टीचं एक चक्र आणि मशीनिंग यातच ते संपतात, म्हणून टप्पा ७ आधी.

## टप्पा १०: आदेश विरोधात गेला तर

कलम १५ खाली अर्ज नाकारला गेला तर दोन रस्ते. आदेशात उघड चूक असेल, म्हणजे दाखल केलेला बदललेला क्लेम वाचलाच नाही किंवा डी२ ची तारीख चुकीची धरली, तर फॉर्म २४ ने पुनर्विचार, आदेश कळल्यापासून एक महिन्यात. मूळ मुद्द्यावर मतभेद असेल तर कलम ११७ए खाली हायकोर्टात अपील, तीन महिन्यांत. अर्ज ज्या पेटंट कार्यालयाचा त्या हद्दीतलं हायकोर्ट, म्हणजे अँटॉप हिलच्या अर्जाला मुंबई हायकोर्ट, परीक्षक दिल्लीत बसला असला आणि तुमचा कारखाना गुजरातमधल्या साणंदला असला तरी.

पुनर्विचाराच्या निकालाची वाट बघत अपिलाची मुदत घालवू नका, दोन्ही तारखा आदेश आला त्याच दिवशी लिहून ठेवा. अपिलात नवीन डेटा सहजासहजी घेतला जात नाही, कोर्ट पाहतं ते कंट्रोलरसमोर काय होतं ते. त्यामुळे तक्ता, तीन नमुन्यांची तुलना आणि क्लेमच्या आधाराचे पान क्रमांक हे सगळं लेखी निवेदनात गेलेलं असलं पाहिजे, तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.